गाव कोणतं, पूर्ण नाव काय?

महाराष्ट्र एक्स्प्रेस सकाळी गोंदियाहून निघते आणि पुण्याला पोचायला जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र घेते. नोकरीला लागल्यापासून मी या गाडीने किती वेळा गेलो-आलो याचा हिशोब नाही. पण नागपूर येईपर्यंत समोरच्या बाकावरून एक प्रश्नावली सुरू होते, ती मला पाठ आहे. कुठं जाता? पुण्याला. कंपनीत? हो. गाव कोणतं? अर्जुनी-मोरगावकडचं. नाव काय? मी नाव सांगतो. पूर्ण नाव? मी आडनाव सांगतो.

इथे गाडी अडते. माझं आडनाव आमच्या भागात तीन-चार समाजांत सापडतं. समोरच्याला उत्तर तर मिळालेलं असतं, पण हवं ते मिळालेलं नसतं. मग तो जरा थांबतो, खिडकीबाहेर बघतो आणि विचारतो, "म्हणजे कोणत्यातले?"

माणसं वाईट नसतात. डब्यातली पोळी-भाजी पुढे करतात, वर्ध्याला चहा घेतला तर पैसे देऊ देत नाहीत. पण कोणत्यातले हे कळल्याशिवाय त्यांना माझ्याशी पुढे बोलता येत नाही. डेटाबेसमध्ये एखादा रकाना रिकामा सोडता येतो, आपल्या संभाषणात हा एक रकाना रिकामा चालत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक अमेरिकन कलावंत आणि तिच्याबद्दल झालेला एक वाद. ती कलावंत म्हणजे एड्रियन पायपर. जन्म १९४८, न्यूयॉर्क. संकल्पनात्मक कला आणि परफॉर्मन्स या दोन्ही क्षेत्रांत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काम. शिवाय तत्त्वज्ञानाची प्राध्यापक, हार्वर्डची डॉक्टरेट, कांटची अभ्यासक. घर कृष्णवर्णीयांचं, पण तिचा रंग इतका उजळ की अनोळखी गोरी माणसं तिला आपल्यातलीच समजत. आणि आपल्यातली समजल्यामुळे तिच्यासमोर मोकळेपणाने काळ्यांबद्दल काहीबाही बोलत. १९८६ साली तिने त्यावर एक उपाय काढला. व्हिजिटिंग कार्डाएवढं एक कार्ड छापून घेतलं. मेजवानीत कोणी असं काही बोललं की ती भांडायची नाही, भाषण द्यायची नाही, शांतपणे कार्ड हातात द्यायची. मी कृष्णवर्णीय आहे, तुमच्या बोलण्यामुळे अवघडले आहे आणि माझ्या असण्यामुळे तुम्हीही अवघडला असाल, अशा आशयाचा मजकूर त्यावर होता. चार वर्षं तिने हे केलं. कलाकृती एवढीच: एक कार्ड, एक हात, आणि ते वाचणाऱ्याचा चेहरा.

हे मी मित्रांना सांगितलं तेव्हा दोन आक्षेप आले. पुढेही अनेक ठिकाणी, चांगल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मराठी माणसांकडून, हेच दोन आक्षेप ऐकले. पहिला: यात कला कुठे आहे? दुसरा: हा अमेरिकेचा प्रश्न, काळ्या-गोऱ्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध? हे दोन्ही आक्षेप अज्ञानातून येत नाहीत, सोयीतून येतात असं माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप आधी घेतो. संबंध नाही म्हणणाऱ्यांनी महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' उघडून पहिली पानं बघावीत. १८७३ साली पुण्यात बसून लिहिलेलं ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं, ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आलं. म्हणजे दीडशे वर्षं हा संबंध मराठीतच जोडला गेला आहे. तो जोडणारे कोण होते आणि 'आपला काय संबंध' म्हणणारे कोण आहेत, एवढंच बघावं.

पण म्हणून जात म्हणजे वंश, असंही मी म्हणत नाही. हे सोपं समीकरण बाबासाहेबांनीच नाकारलं आहे. जातिभेदाच्या मुळाशी वांशिक भेद आहे हा सिद्धांत त्यांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यांच्या संदर्भात पुन्हा खोडून काढला. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला अस्पृश्य एकाच वंशाचे, हे ते स्पष्ट सांगतात. जात कातडीवर लिहिलेली नसते. म्हणूनच ती विचारावी लागते. गाव विचारून, आडनाव विचारून, देव्हाऱ्यात कोण आहे, घरी मटण चालतं का, दहावीला कुठे होता, असं आडून आडून काढावी लागते.

आणि म्हणूनच, अमेरिकेतल्या सगळ्या कृष्णवर्णीय कलावंतांमध्ये आपल्याला सगळ्यात जवळची पायपर आहे. तिचा वंशही दिसत नव्हता. लोकांना सांगितल्याशिवाय कळत नव्हता. पुण्यातल्या आयटी पार्कात लिफ्टमध्ये उभे असलेले आम्ही बाराजण एकाच रंगाचे, एकाच पट्ट्याला ओळखपत्र लटकवलेले असतो. त्यातले किती जण पायपर आहेत, हे लिफ्टला कळत नाही. पण लिफ्ट दहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत लोकांना कळून घ्यायचं असतं.

मी बौद्ध आहे. आंबेडकरी घरातला.

हे मी आत्ता सांगितलं आणि तुमचं वाचणं थोडं बदललं असेल. आधीचे परिच्छेद मनात एकदा मागे फिरवले असतील. 'अच्छा, म्हणून हा असं लिहितोय.' या लेखाचा विषय पायपर नाही, तो 'अच्छा, म्हणून' आहे. हाच लेख एखाद्या कुलकर्ण्यांनी लिहिला असता, तर तो कलासमीक्षा ठरला असता. मी लिहिला की गाऱ्हाणं होतं.

आता ऑफिसचा प्रसंग. मोठा नाही. मोठा नाही म्हणूनच सांगतो. जेवणाच्या टेबलावर आम्ही सहाजण. नवीन मुलगी टीममध्ये आली होती, तिच्याकडून एक चूक झाली आणि बिल्ड मोडला. माझ्याकडूनही महिन्यातून एकदा मोडतो. एकजण हसत म्हणाला, "कोट्यातून आली असणार." बाकीचे हसले. टीममध्ये माझ्याबद्दल सगळ्यांचं मत चांगलं होतं, आणि आडनावामुळे मी त्यांना त्यांच्यातला, निदान कोट्याबाहेरचा वाटत होतो. त्यामुळे माझ्यासमोर बोलायला हरकत नव्हती.

मी हसलो नाही. पण बोललोही नाही. डबा बंद केला आणि हात धुवायला गेलो. त्या मुलीची जात कोणती, हे मला आजही माहीत नाही. विनोद करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याला त्याची गरजच नव्हती. चूक झाली म्हणजे कोटा, एवढं त्याला पुरेसं होतं. माझा कोड रिव्ह्यू मात्र तो डोळे झाकून पास करायचा.

पायपरचं कार्ड मला त्यानंतर काही महिन्यांनी सापडलं, आणि मी पहिल्यांदा जे वाटून घेतलं ते कौतुक नव्हतं, शरम होती. त्या शरमेचाच पत्ता कार्ड बदलून टाकतं. टेबलावर कोणी असं बोललं की लाजायचं काम नेहमी ऐकणाऱ्याकडे येतं. त्यानेच ठरवायचं: गप्प बसायचं, की बोलून 'वातावरण खराब' करायचं. कार्ड ते ओझं जिथून आलं तिथे परत पाठवतं. यात कला कुठे आहे, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. कॅनव्हासवर रंग लावून जे होत नाही, ते दोन इंचांच्या कागदाने होतं. बघणारा बाहेर उभा राहू शकत नाही. तो चित्रात असतो.

आपल्याकडे कोणी म्हणेल की मग महाडचा सत्याग्रह हा सगळ्यात मोठा परफॉर्मन्स. असं म्हटलं जातंही, आणि म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मला ते पटत नाही. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली बोले ठराव केला होता, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केलं होतं. कागदावर हक्क होता. २० मार्च १९२७ रोजी माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यांना पाणी प्यायचं होतं. त्या दिवशी त्यांना मार बसला, तो खरा होता. त्याला परफॉर्मन्स म्हटलं की मार खाणारा नट होतो.

परफॉर्मन्स दुसऱ्या बाजूने झाला. तळं 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्र म्हणत पाण्यात ओतल्या गेल्या. पोशाख, पात्रं, संहिता, प्रेक्षक, सगळं त्यात होतं. एकाच वस्तूत नव्हतं: कारण. पाण्याला काहीही झालेलं नव्हतं. राज्यश्री गुडी या पुण्याच्या कलावंताने २०१७ साली 'व्हॉट इज द कास्ट ऑफ वॉटर?' ही कलाकृती केली, ती या १०८ घागरींवर बोट ठेवते. पाण्याचे १०८ पेले आणि त्यात पंचगव्य. तिने पाणी पिणाऱ्यांचं नाटक केलं नाही. शुद्धी करणाऱ्यांची कृती उचलून स्वच्छ पांढऱ्या खोलीत ठेवली, म्हणजे ती कशी दिसते ते दिसावं. पायपरच्या कार्डाचं आणि या पेल्यांचं काम एकच आहे. दोन्ही कलाकृती पीडिताकडे बोट दाखवून 'बघा किती दुःख' म्हणत नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याला खुर्चीत बसवून दिवा त्याच्या तोंडावर फिरवतात.

'हे सगळं पाश्चात्त्य आहे' या तक्रारीचंही एकदा बघू. अमोल के. पाटील हा मुंबईचा संकल्पनात्मक आणि परफॉर्मन्स कलावंत, जन्म १९८७. आजोबा पोवाडे गाणारे, वडील कामगारवस्तीतले नाटककार. चाळ, सफाई कामगार, त्यांच्या अंगावर बसलेली धूळ आणि त्यांच्याकडे बघणाऱ्यांची नजर, हे त्याचं साहित्य. त्याच्या एका कामात स्केट्सवरून फिरणारा सफाई कामगार आहे. २०२२ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटात त्याचं काम होतं, २०२३ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत. ज्याला आपण आयात केलेली कला म्हणतो ती पोवाड्याच्या घरातून निघून कासेलला गेली आहे. प्रवासाची दिशा आपण उलटी धरून बसलो आहोत. त्याच्यावर मराठीत लिहिलेला एक दीर्घ लेख माझ्या वाचनात आलेला नाही. इंग्रजीत पुष्कळ वाचायला मिळालं.

आता आमच्याकडचं सांगतो, नाहीतर पुण्या-मुंबईलाच शिव्या देऊन मोकळा झालो असं होईल.

आमची झाडीपट्टी नाटकवेडी आहे. धान निघालं, मंडई भरली, शंकरपट झाला की रात्री नाटक. वडशाच्या कंपन्या येतात, रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत चालतो, थंडीत घोंगडी घेऊन माणसं बसून राहतात. त्याहून जुनी आमची दंडार. पुरुषच बायका होतात, पुरुषच राजे होतात, आणि गावाला प्रत्येकाचं खरं नाव माहीत असतं. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता. शहरातले लोक 'ओळखीचं सादरीकरण' वगैरे जे शब्द वापरतात, ते आमच्या आज्या-आज्यांनी शब्दाशिवाय बघितलेलं आहे.

पण मी लहानपणी हेही बघितलं की रात्री राजा झालेला माणूस सकाळी मुकुट पेटीत ठेवून त्याच्या टोलीत परत जातो. रात्री त्याच्या पायाशी वाकलेला प्रधान सकाळी त्याच्या अंगणात पाणी पीत नाही. सोंग सगळ्यांना चालतं, कारण सोंग उतरतं. गावाने दंडारीला कधी घाबरावं असं तिच्यात काही नव्हतं. मला ती आवडते, माझी बोली तिच्यात आहे. पण तिच्यात बघणाऱ्याचं सोंग कधी उतरत नाही. पायपरच्या कार्डाची आणि दंडारीची तुलना केली तर माझ्या मते उणीव इथे आहे, आणि ती आपण झाकू नये.

कारण प्रश्नाला परिणाम असतात. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना मारून टाकलं. खैरलांजी भंडारा जिल्ह्यात, आणि १९९९ पर्यंत आमचा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. बातमी पसरली तेव्हा मोठ्या माणसांच्या तोंडून मी जो पहिला प्रश्न ऐकला, तो 'कोणी मारलं?' हा नव्हता. 'कोण होते?' हा होता. उत्तर कळल्यावर काहींचा आवाज चढला, काहींचा उतरला. आमच्या घरातला रेडिओ त्या आठवड्यात बंद राहिला. तेव्हा मला समजलं की 'कोणत्यातले' हा गाडीतला गप्पांचा प्रश्न नाही. तो माणसाची किंमत ठरवायच्या आधीचा प्रश्न आहे.

यावर एक सभ्य उपाय सुचवला जातो: आडनाव टाका. बऱ्याच चांगल्या लोकांनी टाकलंही आहे, आईचं-वडिलांचं नाव लावतात. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण गंमत बघा. वरच्या जातीच्या माणसाने आडनाव टाकलं की तो पुरोगामी ठरतो. आम्ही टाकलं की लोक म्हणतात, लपवतोय. एकच कृती, दोन अर्थ, आणि अर्थ कोणता लावायचा हे पुन्हा कृती करणाऱ्याच्या जातीवरून ठरतं. म्हणजे उत्तर न देणं हेसुद्धा एक उत्तर होऊन बसतं.

पायपरने हेही अनुभवलं. २०१२ साली, चौसष्टाव्या वाढदिवशी, तिने जाहीर केलं की आपण कृष्णवर्णीय असण्यातून निवृत्त होत आहोत. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय परफॉर्मन्सच्या एका प्रदर्शनातून तिने आपलं काम काढून घ्यायला लावलं. तिला त्या कप्प्यात बसायचं नव्हतं. २०१५ साली व्हेनिसच्या बिनालेत तिला सुवर्णसिंह मिळाला. अनेकांना तिची निवृत्ती विनोद वाटली, काहींना विश्वासघात. मला त्यात एक साधी मागणी दिसते: आयुष्यभर उत्तर दिलं, आता प्रश्न विचारणाऱ्यांनी बघून घ्यावं. मात्र 'मी जात मानत नाही' असं म्हणणाऱ्या आपल्या मंडळींशी हिची गल्लत करू नका. ती चाळीस वर्षं किंमत मोजून निवृत्त झाली. आपल्याकडची मंडळी कामावर रुजू न होताच निवृत्त असतात.

आणि 'शहरात, शिकलेल्यांत आता कुठे राहिलीय जात' असं म्हणणाऱ्यांसाठी: २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीवर भारतीय अभियंत्यांमधल्या जातिभेदाबद्दल दावा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, आणि तो ठराव मांडणारी नगरसेविका क्षमा सावंत जन्माने पुण्याची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसंच विधेयक मात्र नाकारलं. आपण सातासमुद्रापार लॅपटॉप नेला आणि रकानाही नेला.

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी माझं कार्ड छापून घेतलं. पायपरचं भाषांतर करण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे लोक न विचारता बोलतात, इथे विचारून बोलतात. म्हणून मजकूर वेगळा लिहिला:

"तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. त्याआधी एवढंच सांगा: उत्तर कळल्यावर तुम्ही माझ्याशी काय वेगळं वागणार आहात?"

लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात गेलो. शंभर कार्डं सांगितली. दुकानदाराने मजकूर टाईप केला, मोठ्याने वाचला, पुन्हा मनात वाचला. चष्मा वर केला आणि म्हणाला, "भाऊ, छान आहे. पन तुमी कोनत्यातले?"

मी हसलो, तोही हसला. मग त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि त्याचं हसू थोडं कमी झालं. तो म्हणाला, "नाही, म्हनजे मी असंच इचारलं." ते कार्ड अजून छापलंही नव्हतं.

शंभरातली आजवर तीन दिली आहेत. एक गाडीत दिलं, त्या काकांनी वाचून खिशात ठेवलं आणि दौंडपर्यंत बोलले नाहीत. उतरताना माझी बॅग खाली काढून दिली. एक ऑफिसात दिलं, कोट्याचा विनोद करणाऱ्याला, फार उशिरा. तो म्हणाला, "अरे, तू पर्सनली घेऊ नकोस." मी म्हटलं, "तू जे बोललास ते पर्सनलच होतं, फक्त कोणाबद्दल ते तुला माहीत नव्हतं." आता आमचं बोलणं कामापुरतं असतं. तिसरं त्या मुलीला दिलं. तिने ते वाचलं आणि विचारलं, "अजून आहेत का?" तिला वीस दिली. ती कोणत्यातली, हे मी विचारलं नाही.

सत्त्याहत्तर उरली आहेत. ती आमच्या माणसांनी वाटावीत असं मला वाटत नाही. आम्ही पुष्कळ वाटलं. ज्यांना गाडीत हा प्रश्न कधी अडवत नाही, ज्यांचं आडनाव ऐकून समोरचा निश्चिंत होतो, त्यांनी ती घ्यावीत. तुमच्यासमोर कोणी 'कोणत्यातले' विचारलं, किंवा आपल्यातले समजून काही बोललं, तर ते कार्ड तुम्ही द्या. तुमच्या हातून गेलं तर ते गाऱ्हाणं ठरणार नाही. वातावरण थोडं खराब होईल. आमच्याकडे ते बरीच वर्षं तसंच आहे, राहता येतं.